मुलांच्या रोजच्या कबड्डी सरावाला माती की मॅट?

मंडळाकडे चार पैसे जमले की हल्ली पहिला विषय निघतो तो मॅटचा. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून पोरांच्या डोळ्यांसमोर तेच मैदान आहे, आणि मोठ्या स्पर्धाही आता मॅटवरच होतात. त्यामुळे मुलांचा हट्ट रास्त आहे. आमच्या मंडळात, म्हणजे अलिबागकडच्या एका गावात, हा निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा सराव माझ्याकडे होता. बारा ते सोळा वयाची मुलं-मुली. ती रोज संध्याकाळी धडधाकट घरी जावीत, एवढंच मी बघत होतो.

मातीवर लागतच नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मातीत कातडी जाते. गुडघा, कोपर, घोट्याची पकड घेणाऱ्या पोरांची हनुवटीसुद्धा. त्यात आपल्या मैदानात शेणखत मिसळलेलं असतं, म्हणजे धनुर्वाताची लस हवीच. सरकारी वेळापत्रकात ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते, नेमकं आपल्या पोरांचं वय. पालकांना आठवण करून द्या. दुसरी भीती फक्कीची. रेषा मारायला अजूनही बऱ्याच ठिकाणी चुना वापरतात. मध्यरेषेला हात लावायला पोरगं पोटावर घसरत येतं तेव्हा तो सरळ डोळ्यात जातो, आणि चुन्याने डोळा भाजतो. त्यापेक्षा खडूची भुकटी घ्या. तरीही कधी चुना गेलाच तर डोळा न चोळता बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा.

मॅटवर यातलं बरंचसं नाही. खडा नाही, काच नाही, धूळ नाही. उताणं पडलं तरी पाठीला कमी लागतं, डॅश, म्हणजे अंगाचा जोरदार धक्का, बसली तरी पोरगं लगेच उठतं. इथवर मॅटचंच पारडं जड.

पण मॅटवर बूट आले आणि बुटाला पकड आली. चढाई करणारा एका पायावर गर्रकन वळतो तेव्हा मातीत तो पाय थोडा सरकतो. मॅटवर पाय जागच्या जागी राहतो, अंग वळतं, आणि मधला पीळ गुडघा खातो. मी काही डॉक्टर नाही आणि मोजमापही केलेलं नाही. पण माझ्या पाहण्यातली खरचटलेली पोरं मातीतली आहेत, आणि गुडघा धरून खाली बसलेली जवळजवळ सगळी मॅटवरची.

तरीही हे शिकवून बरंचसं टाळता येतं. उडी मारून उतरताना गुडघे वाकलेले हवेत आणि आत पडता कामा नयेत, वळताना छोटी पावलं टाकायची. सरावाच्या सुरुवातीची दहा मिनिटं मी यालाच देतो. माझा निर्णय झाला तो निराळ्याच गोष्टीवरून, मॅटच्या तुकड्यांमधल्या सांध्यांवरून.

टीव्हीवर दिसते ती मॅट एकदा अंथरली की तिथले सामने संपेपर्यंत जागची हलत नाही. गावात तसं नसतं. शाळेचा हॉल सकाळी शाळेला हवा, लग्नसराईत मांडवाला हवा. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटरचं, म्हणजे एक मीटरचे तुकडे धरले तर नुसत्या मैदानालाच 130 तुकडे लागतात. ते रोज जोडा, रोज उचला. एका मंडळात मी हे बराच काळ जवळून पाहिलं. तुकड्यांचे दाते हळूहळू सैल पडतात, कडा वर वळतात. सुरुवातीला पोरं ते टाचेने दाबून घेतात, मग सवय होते आणि कुणी बघतही नाही. चढाईच्या भरात दोन तुकडे बोटभर फाकतात आणि बुटाचं टोक नेमकं तिथे अडकतं. वाईट म्हणजे फाकलेला सांधा दिसत नाही. मातीतला खडा सरावाआधी झाडून काढता येतो. हा सांधा मात्र खेळ चालू असतानाच उघडतो. त्यात आपल्याकडची दमट हवा. घाम टिपायला कापड घेऊन कुणी बसलेलं नसेल तर त्याच मॅटवर एक पाय चिकटतो आणि दुसरा निसटतो.

ज्यांच्याकडे कायम अंथरून ठेवायला बंदिस्त जागा आहे आणि देखभालीला माणूस आहे, त्यांनी खुशाल मॅट घ्यावी. पावसाळ्याचे चार महिने माती बंदच असते, ही मोठी अडचण मलाही मान्य आहे. आणि निवड चाचणी मॅटवर असेल तर आधी काही आठवडे मॅटवर सराव हवाच. मातीतून उठून थेट मॅटवर सामना खेळायला उतरणं सगळ्यात धोक्याचं. बूटही नवे आणि पायाखालची जमीनही नवी.

रोजच्या सरावाला मात्र मी माती निवडली. ती चाळायची, ढेकळं फोडायची, उन्हं उतरली की पाणी मारायचं. अर्ध्या तासाचं काम आहे आणि ते पोरंच करतात. नखं कापलेली, अंगावर दागिना नाही, तेल नाही, हे नियम दोन्हीकडे सारखेच.

गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाला आणि काही तासांत सूज आली तर मात्र माती-मॅट विसरा. मालीश करू नका, लेप नको. कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं बर्फ लावा, पायावर भार देऊ नका आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे साफ आला म्हणून मुलाला लगेच मैदानात उतरवू नका. स्नायुबंध (लिगामेंट) तुटलेला एक्स-रेत दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो.

मॅटसाठी जमलेल्या पैशांतून आम्ही मैदानाजवळ नळ आणला, मोठी चाळण घेतली आणि बर्फासाठी एक जुना फ्रीज. उरलेल्यातून दर मोसमात मॅटवरच्या सरावासाठी तालुक्याच्या हॉलचं भाडं निघतं.