शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट: आभाळातली वीज की गच्चीवरचं ऊन?

इलेक्ट्रिकलच्या पोरांमध्ये दर जुलैला हा वाद ठरलेला. ग्रुपमधल्या एकाला तरी कडाडणारी वीज साठवायची असते आणि बाकीच्यांना मुकाट सोलर करून मोकळं व्हायचं असतं. आमच्यातला वीजवाला मीच. केलं शेवटी सोलर, आणि आज कुणी विचारलं तर बहुधा तेच सांगेन.

विजेची भुरळ खोटी नाही. एका विजेत ढोबळमानाने १०० कोटी ज्यूल, म्हणजे पावणेतीनशे युनिटच्या आसपास ऊर्जा असते. पण त्यातली बरीचशी वाटेतच हवा तापवण्यात जाते. ती हवा ३०,००० अंशांच्या घरात तापून एकदम फुगते, तोच गडगडाट. जमिनीपर्यंत पोचतं ते थोडंच, आणि तेही साधारण ३०,००० अँपिअरच्या झटक्याने, डोळ्याचं पातं लवायच्या आत. तेवढ्यात चार्ज होणारी आणि एरवी वर्षभर नुसती वाट बघत बसणारी कपॅसिटर बँक, म्हणजे झटक्यात वीज साठवणाऱ्या कपॅसिटरांचा संच, कागदावर काढता येते. तिचं कोटेशन मागवून बघा. उलट गच्चीवरचं १० किलोवॉटचं सोलर दिवसाला सरासरी चाळीसेक युनिट देतं. म्हणजे अख्खी वीज काहीही वाया न घालवता पकडली तरी आठवड्याभराच्या उन्हाइतकीच.

या हिशोबानेही मी मागे हटलो नव्हतो. मला नडलं ते कॉलेजचं कॅलेंडर. मुंबईत विजा कडाडतात त्या मुख्यतः पावसाच्या तोंडावर, मेअखेर-जूनमध्ये, आणि मग परतीच्या पावसात. पहिल्या वेळी सुट्टी, दुसऱ्या वेळी सबमिशन नाहीतर परीक्षा. मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये लोकल ठप्प होईपर्यंत कोसळतो, पण वीज क्वचितच. आणि प्रोजेक्ट खरोखर होतो त्या महिन्यांत, म्हणजे डिसेंबर ते एप्रिल, आभाळ कोरडं ठणठणीत. एक्स्टर्नलचा, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांचा, पहिला प्रश्न असतो, ‘रीडिंग्ज कुठे आहेत?’ त्यांना काय, खिडकीबाहेर बोट दाखवायचं? सोलरची रीडिंग्ज रोज मिळतात. कबुतरांनी पॅनेल घाण केलं की आउटपुट पडतं, दुपारनंतर टाकीची सावली येते. त्याचेसुद्धा ग्राफ होतात, आणि सरांना ते आवडतात.

ज्यांच्या कॉलेजात हाय व्होल्टेज लॅब आहे आणि विजेसारखा झटका तयार करणारा इम्पल्स जनरेटर मोकळा मिळतो, त्यांचं गणित वेगळं असू शकेल. स्वित्झर्लंडच्या सेंटिस डोंगरावरच्या मनोऱ्यापाशी २०२१ मध्ये लेझरने विजेला वाट दाखवून झाली आहे, व्हायव्हात सांगायला उदाहरण झकास. फक्त तिथला हेतू संरक्षणाचा होता, साठवणीचा नव्हे, आणि त्या मनोऱ्यावर वर्षाला शंभरेक विजा पडतात. आपल्या सोसायटीच्या गच्चीचं तसं नाही. तिथे सळई उभारून बघायचं तर डोक्यातसुद्धा आणू नका. १७५३ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रिचमान नावाचा शास्त्रज्ञ अशाच प्रयोगात गेला.

अगदीच चैन पडत नसेल तर सोलरला विजेपासून वाचवणारा सर्ज प्रोटेक्टर हा भाग घ्या. आम्ही ते एक प्रकरण जोडलं, म्हणजे रिपोर्टच्या कव्हरवर वीज छापायची माझी हौसही भागली.