व्हीलचेअरच्या रानवाटेला खडी की फळ्या?

अमेरिकेतल्या गावोगावच्या लँड ट्रस्टना, म्हणजे मोकळ्या जमिनी जपणाऱ्या ना-नफा संस्थांना, हा पेच हमखास पडतो. रुंदी दोन्हींत किमान ३६ इंच हवीच. खडी स्वस्त, पण ती टोकदार आणि भुकटीसकट हवी. पाणी मारून थराथराने दाबली की घट्ट बसते. गोल गोटे अजिबात नकोत, खुर्चीची पुढची लहान चाकं त्यात रुततात. उतारावर मात्र खडी वाहून चर पडतात, मोठ्या पावसानंतर डागडुजी आलीच.

फळ्यांचा खर्च बराच जास्त. त्या वाटेला आडव्या ठोकाव्यात, फट अर्ध्या इंचाहून मोठी नको. सावलीत शेवाळ धरून चाक घसरतं.

जमीन कोरडी, स्वयंसेवक हाताशी, तर खडीच घ्या. दलदल असेल तेवढ्याच तुकड्यावर फळ्या. फक्त जोडावर उंचवटा राहू देऊ नका.