मॉक लूप की वासरू? दोन पंपांची टेस्ट कुठे करायची

हृदयाचे खालचे दोन्ही कप्पे फेल झाले की रक्त ढकलायला उजवीकडे एक, डावीकडे एक असे दोन पंप लागतात आणि खरी डोकेदुखी म्हणजे त्या दोघांचा ताळमेळ. उजव्याने जास्त ढकललं तर फुप्फुसात पाणी साठतं, डाव्याने जास्त ओढलं तर कप्प्याची भिंतच नळीच्या तोंडाला चिकटते. हे बघायला मॉक लूप, म्हणजे नळ्या, टाक्या आणि रक्ताइतकं दाट केलेलं पाणी-ग्लिसरीन वापरून टेबलावर उभं केलेलं नकली रक्ताभिसरण, मला तरी बेस्ट वाटतं, कारण एक व्हॉल्व्ह जरा आवळला की फुप्फुसाकडचा दाब चढतो आणि मिनिटाला ५ लिटरचा फ्लो कसा घसरतो ते लगेच स्क्रीनवर दिसतं, चुकलं तर परत करा, कुणाचा जीव जात नाही.

पण ग्लिसरीनची गुठळी होत नाही ना! गुठळ्या, इन्फेक्शन, जनावर उठून उभं राहिल्यावर बदलणारा दाब, हे पंप जिवंत वासरात बसवल्यावरच कळतं. बायव्हॅकॉर कंपनीचं कृत्रिम हृदयही आधी वासरांत चालवून बघितलं, मगच २०२४ मध्ये माणसात बसवलं. वासरू मात्र भराभर वाढतं आणि त्याची रक्ताची गरज पंपाला पेलवेनाशी होते, शिवाय छातीचा आकारही वेगळा. म्हणून सगळे वाईट प्रसंग लूपवर आधी घडवून बघितल्याशिवाय जनावराला हात लावूच नये, या मतावर मी ठाम आहे.