पर्माकल्चरच्या नावाखाली माझे 1,39,000 रुपये बुडाले. परसबाग करून घेणाऱ्यांनी वाचा

घराभोवतीच्या जागेत भाजी, फळं, औषधी झाडं अशी खाण्याजोगी बाग करून देतो म्हणून एका पर्माकल्चर (निसर्गाची रीत बघून त्याप्रमाणे बाग-शेती आखायची पद्धत) डिझायनरने माझ्याकडून 1,39,000 रुपये घेतले आणि तो गायब झाला. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. आधी पैसे, मग अर्धवट काम, मग फोन बंद, हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. या माणसाचं वेगळेपण असं की माझ्या प्रत्येक तक्रारीवर त्याच्याकडे पर्माकल्चरमधलंच एक तत्त्व तयार असायचं. ती तत्त्वं खरी आहेत, म्हणूनच मी एवढे महिने गप्प बसले.

वाफ्यांत गुडघाभर तण माजलं, तर "ताई, उपटू नका, ते जिवंत आच्छादन आहे." रोपं मेली, तर "जी टिकतील ती तुमच्या जमिनीची." पानं पिवळी पडली, तर "पहिलं वर्ष मातीचं असतं, पिकाचं नाही." ज्याने या विषयावर थोडंफार वाचलंय त्याला हे पटतंच. घाई करू नका, माती आधी घडू द्या, हेच तर सगळीकडे लिहिलेलं असतं. तेव्हा मला भोळी म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. विषयातलं काहीच माहीत नसतं, तर मी पहिल्या महिन्यातच भांडले असते.

ठराव 1,85,000 चा होता. सुरुवातीला 40 टक्के, म्हणजे 74,000 दिले. पुढे "कलमं आजच बुक करावी लागतील" म्हणून आणखी 65,000. उरलेले 46,000 झाडं लागल्यावर द्यायचे होते.

आता ज्या क्षणाची आठवण आली की अजून झोप उडते, तो सांगते. त्याने आराखडा आणून टेबलावर पसरला. रंगीत, सुबक, स्वयंपाकघरापासून शून्य ते पाच झोन आखलेले, म्हणजे रोज लागणारं जवळ आणि क्वचित लागणारं लांब असे पट्टे. उत्तरेचा बाण कागदाच्या वरच्या बाजूला. स्वयंपाकघराची खिडकी त्या बाणाप्रमाणे पश्चिमेला येत होती, आणि त्याच खिडकीतून सकाळचं ऊन त्याच कागदावर पडलेलं होतं. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "हे कन्सेप्ट ड्रॉइंग आहे, जागेवर सगळं जुळवून घेतो." आराखडा दुसऱ्याच कुणाच्या जागेचा होता, वर फक्त माझं नाव टाकलेलं. ऊन कुठून येतं हेच चुकलं, तर कुठलं झाड कुठे लावायचं हे सगळंच चुकतं. पर्माकल्चर मांडणाऱ्या दोघांपैकी एक, डेव्हिड होल्मग्रेन, त्याच्या 12 तत्त्वांतलं पहिलंच तत्त्व निरीक्षणाचं आहे, आणि हा माणूस माझ्या जागेत एक चहा होईपर्यंतसुद्धा थांबला नव्हता. तिथेच त्याला उठवायला हवं होतं. पण 74,000 आधीच गेले होते, आणि पैसे अडकले की माणूस समोरच्याचं खरं मानायला लागतो.

पुढचं सगळं त्यातूनच आलं. पाणी अडवायचा चर समतल रेषेत खणायचा असतो, दोन्ही टोकं एका पातळीत. त्याने तो उताराच्या दिशेने खणला. पहिल्या मोठ्या पावसात वरची सगळी माती फाटकापाशी जाऊन बसली. तीन काठ्या, दोरी आणि दगडाचा ओळंबा एवढ्यात ए-फ्रेम तयार होते. चर खणणाऱ्याकडे ती किंवा दुसरं कुठलंही पातळी मोजायचं साधन नसेल, तर कुदळ लावू देऊ नका.

वाफ्यांत त्याने कच्चा लाकडी भुसा मातीत कालवला. भुसा वर पसरला तर ते आच्छादन. मातीत मिसळला, की तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं उपाशी राहतात. पानं पिवळी पडली ती यामुळे, "पहिल्या वर्षामुळे" नाही. आणि 65,000 ची कलमं? एकाही खोडावर कलमाचा जोड नव्हता. बियांपासून केलेली रोपं होती, फळ कधी आणि कसं धरेल याचा भरवसा नाही. मेलेलं एक उपटलं, तर मुळं पिशवीच्या आकारात गोल गुंडाळलेली, जमिनीत एक बोटभरही गेली नव्हती. पैसे देण्याआधी जोड बोटाने चाचपून बघा, एक पिशवी फाडून मुळं बघा. विक्रेता नको म्हणाला तर उठून या.

पोलीस ठाण्यात सांगितलं, "काम तर केलंय ना? मग ही दिवाणी बाब." बँकेत गेले, तर पैसे तुम्हीच पाठवलेत. कृषी कार्यालयात घरची बाग आमच्या कामात बसत नाही म्हणाले आणि मला तासभर बाकावर बसवून ठेवलं. ग्राहक तक्रारीसाठी पक्कं बिल मागितलं, माझ्याकडे वहीतल्या कागदावरची सही. ज्या संस्थेचं प्रमाणपत्र तो दाखवत फिरतो तिला लिहिलं, तर उत्तर आलं की आम्ही फक्त शिकवतो. तो 72 तासांचा कोर्स आहे, कामाचा परवाना नाही, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मेलेली रोपं, वाहून गेलेली माती, सगळ्याचे फोटो घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. एकानेही ते फोटो नीट पाहिले नाहीत. बाग म्हटलं की यांना हौस वाटते, त्यामुळे नुकसानही हौसेचंच! घरफोडीत एवढीच रक्कम गेली असती तर पंचनामा झाला असता.

लेखी करारात रोपांची जात, कलमी की बियांचं, आणि मेलेलं रोप कोण बदलून देणार हे लिहून घ्या. आधी एकच वाफा करून घ्या, त्याचेच पैसे द्या. ज्याला काम देणार त्याने आधी केलेली बाग स्वतः जाऊन बघा, मालकाशी तो समोर नसताना बोला. मला दाखवलेले फोटो कुणाचे होते कोण जाणे. विकत आणलेल्या खतात आधी घेवड्याचे चार दाणे पेरा. पानं वळून वाटीसारखी झाली तर त्यात तणनाशकाचा अंश असू शकतो, ते खत वाफ्यात टाकू नका.

परवा दुसऱ्याच नंबरवरून मेसेज आला, उरलेल्या 46,000 चा. मी देणार नाही. तो मेसेज तक्रारीला जोडलाय. तुमच्याकडेही उत्तर दिशा चुकलेला असा रंगीत आराखडा आला असेल तर फेकू नका, तारखेसह फोटो काढून ठेवा. एकाच कागदावर दोन घरांची नावं निघाली, तर ठाण्यात "दिवाणी बाब" म्हणणं त्यांना जड जाईल.