फ्लोअरचं वेल्डिंग: आतलं सगळं काढायचं की ब्लँकेट टाकायचं?
गाडीच्या फ्लोअरला पॅच मारायचाय तर सीट-कार्पेट काढायचं की वेल्डिंग ब्लँकेट टाकून उरकायचं? ब्लँकेट ठिणग्या अडवतं, वेळ वाचतो, पण पत्र्यातून पलीकडे जाणारी उष्णता ते कशी अडवणार? मी एकदा तसंच केलं, वरून सगळं ठीक आणि खालच्या बाजूचं डांबरी कोटिंग आत धुमसत होतं, वास आला म्हणून कळलं, हातपाय गार पडले. काढायला अर्धा दिवस जातो, बोल्ट गंजलेले असतात, तरी मी काढाच म्हणेन, आणि पेट्रोलची टाकी-पाइप जवळ असतील तर तेही. ब्लँकेट काचा आणि डॅशबोर्डसाठी ठेवा. काहीही करा, वेल्डिंग संपल्यावर तासभर गाडीपाशीच थांबा, ठिणग्या 10 मीटरपर्यंत उडतात आणि कुठल्या फटीत जाऊन बसतील सांगता येत नाही.