कोटा फरशी, वर्षभर वापरल्यावर: सीलरचे पैसे पाण्यात

माप, जाडी, दर हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार, त्यामुळे त्यात शिरत नाही. घरभर हिरवट-निळ्या कोटा दगडाची फरशी, जागेवर मशीन पॉलिश आणि वर सीलर, म्हणजे डाग मुरू नयेत म्हणून दगडावर मारायचं द्रावण. माझं भांडण आहे ते या सीलरशी.

"साहेब, हा एकदा मारला की हळद, तेल, लिंबू, काही सांडू द्या, बघायला नको," असं म्हणून दुकानदाराने फरशीच्या बिलावर वेगळं बिल लावलं. मग एका रात्री आईच्या हातून लिंबाची पिळलेली फोड ओट्याजवळ पडली आणि कुणाच्या लक्षात आली नाही. सकाळी उचलली, तर खाली रुपयाएवढा पांढुरका गोल. साबणाने घासला, जाईना. बोट फिरवलं तर तेवढीच जागा खरखरीत.

दुकानदार म्हणाला, तुम्ही ॲसिड टाकलं असेल. अहो, लिंबात दुसरं काय असतं? मग त्याने माणूस पाठवला. तो डागावरच सीलरचा आणखी एक हात मारून गेला. पैसे परत मागितले, तर फोन उचलणं बंद.

कोटा हा चुनखडक आहे. शहाबादी, कडप्पा हेही चुनखडकच, आणि संगमरवरही त्याच कुळातला. लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर, काहीही आंबट सांडलं की ते वरचा चुना खातं. म्हणजे तो डाग नव्हेच, तेवढं पॉलिश गेलेलं असतं. सीलर दगडाच्या छिद्रांत बसतो आणि तेल-पाणी आत मुरू देत नाही. ते काम तो करतो, फोडणीचं तेल सांडलं ते दुसऱ्या दिवशी सहज निघालं. पण आंबट पडतं ते दगडाच्या अंगावरच, तिथे सीलर काय करणार! विकत घेण्याआधी एका तुकड्यावर सीलर मारून घ्या, वाळू द्या आणि दुकानातच त्यावर लिंबू पिळा.

तेव्हा विचारलं असतंत तर सरळ व्हिट्रिफाइड टाइल घ्या म्हणालो असतो. आता नाही म्हणणार. शेजारच्या बिल्डिंगमध्ये जिन्याच्या घिसाईला आलेल्या कारागिराला घरी बोलावलं. त्याने हातमशीनवर आधी जाड, मग बारीक दाण्याचे दगड फिरवले, शेवटी ऑक्झॅलिक पावडर मारली (चमक आणायलाही आम्लच, गंमत बघा!) आणि तो गोल गेला. त्याने घेतलेले पैसे सीलरच्या बिलाच्या पासंगालाही पुरणार नाहीत. कोटा वरपासून खालपर्यंत एकच दगड, म्हणून पुन्हा घासता येतो. ग्लेझ्ड टाइलचा वरचा थर एकदा उडाला की टाइलच बदलावी लागते.

पावसाळ्यात सांध्यांवर पांढरी भुकटी आली होती. तो खालच्या सिमेंटच्या मालातून ओलीबरोबर वर आलेला क्षार. मिस्त्री म्हणाला, ॲसिडने धुवा. मी कोरड्या ब्रशने झाडत राहिलो, दिवाळीपर्यंत थांबलं. वाळू मात्र दारातच अडवा. वाळूचा कण या दगडापेक्षा कितीतरी कठीण, चपलेखाली रगडला की ओरखडा ठरलेला.

वैशाखात दुपारी मुलं चटई न घेता लोळतात. थंडीत पाय गारठतात, आई सपाता घालून फिरते.

पुन्हा घर केलं तर ओट्यापुढची पट्टी ग्रॅनाइटची घेईन, त्याला लिंबाने काही होत नाही. बाकी घरभर कोटाच, सीलरशिवाय. संडासात मात्र नको. बाटलीतले बहुतेक क्लीनर ॲसिडचे असतात, आणि तिथे साधी टाइलच बरी. आमच्याकडे तिथेही कोटाच बसलाय. त्यामुळे आता नुसता साबण आणि ब्रश, आणि ते काम घरात माझ्याकडे आलंय.