जन्मतारीख १ जून, आडनाव पाटील : क्रेडिट रिपोर्ट दुरुस्तीच्या सेवेचा माझा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. क्रेडिट रिपोर्टमधल्या, म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदीमधल्या, चुकीची ऑनलाइन तक्रार करायची जी सोय आहे, तिला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. एक रुपया लागला नाही आणि काम झालं. दीड गुण का कापला ते पुढं येईलच.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्षबागायतदार. तीन एकर बाग आहे आणि माल बेदाण्यालाच जातो. इतकी वर्षं दुसऱ्याच्या शेडवर भाड्यानं माल वाळवायला टाकत होतो. यंदा स्वतःचं शेड उभं करायचं ठरवलं आणि ६ लाखांचं कर्ज मागितलं. ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकली होती. फेब्रुवारीत माल उतरायच्या आत रॅक उभे राहायला हवेत, असा हिशोब होता. आठवड्याभरात बँकेतून फोन आला, "पाटील, तुमचं सिबिल खराब आहे. प्रकरण पुढं जाणार नाही."

सोसायटीचं पीककर्ज मी आजवर एकदाही थकवलेलं नाही. दरवर्षी ३१ मार्चच्या आत भरतो. त्यामुळं ते ऐकून रात्रभर झोप लागली नाही.

बँकांना आपल्या कर्जफेडीची माहिती पुरवणाऱ्या कंपन्या देशात चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आमच्याकडं चारींना मिळून सिबिलच म्हणतात. यातल्या प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी ज्या कंपनीकडं तक्रार केली तिचं नाव इथं देत नाही, कारण तक्रारीचे नियम चारींना सारखेच आहेत.

रिपोर्ट पुतणीनं काढून दिला. ती सांगलीला विलिंग्डनमध्ये शिकते, दिवाळीला घरी आली होती. पॅन नंबर, मोबाईल, ओटीपी, एवढ्यावर दहा मिनिटांत झालं. त्यात परतफेडीचा स्कोअर असतो, ३०० ते ९०० च्या मध्ये, जास्त तितका चांगला. माझा ५८७ होता. आपला रिपोर्ट आपणच बघितला तर स्कोअर कमी होत नाही, हे इथं सांगून ठेवतो. आमच्या गावात कितीतरी लोक त्या भीतीनं रिपोर्ट उघडतच नाहीत.

माझी खाती वर होती, सगळी व्यवस्थित. खाली एक दुचाकीचं कर्ज होतं. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात आणि हप्त्याला किती दिवस उशीर झाला ते त्यात लिहिलेलं असतं. वेळेत भरला असेल तर शून्य. त्या दुचाकीच्या चौकोनांत आधी शून्यं, मग ३०, मग ६०, मग ९० आणि शेवटी 'राइट ऑफ', म्हणजे बुडीत खात्यात टाकलेलं, बाकी ३८,४१२ रुपये. पुतणी त्या चौकोनांवरून बोट फिरवत म्हणाली, "आण्णा, हे आपलं न्हाई की. आपली गाडी तर तुम्ही रोख घेतलीया."

मग तिनं ओळखपत्राची ओळ बघितली. पॅनचा रकाना मोकळा. नाव माझं, गाव माझं, जन्मतारीख १ जून १९७९. ती माझीच.

ज्यांचं शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळेत झालंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या वेळी नाव घालायला गेलं की मास्तर वयाचा अंदाज घेऊन १ जून टाकायचे. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी. त्यात गावात पाटलांची घरं शंभराच्या वर आणि आजोबांची नावं नातवांना ठेवायची रीत. म्हणजे एक नाव, एक आडनाव, एक गाव, एक जन्मतारीख अशी दोन माणसं आमच्याकडं सहज निघतात. त्यांना वेगळं करतं ते फक्त वडलांचं नाव. आणि कर्ज देणाऱ्या कंपनीनं नेमकं तेच गाळलं होतं. नाव आणि आडनाव, मधलं काही नाही. मराठी माणसाच्या नावातलं मधलं नाव गाळणं म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर गाळण्यासारखं आहे. फॉर्म कोणी का बनवेना, महाराष्ट्रात धंदा करायचा तर एवढं समजून घ्यायला पाहिजे.

ते दुचाकीचं कर्ज कोणाचं, हे मला त्याच क्षणी कळलं. तो आमच्या भावकीतलाच. मधे एक वर्ष अवकाळीत त्याची अख्खी बाग गेली होती, त्यानंतरच ते हप्ते थांबलेले दिसले. मला याचं फार वाईट वाटलं. त्याची अडचण त्यानं कोणाला सांगितली नव्हती आणि ती माझ्या मोबाईलवर महिन्यावार मांडून आली होती. चूक झाली की एकाचं कर्ज अडतं हे सगळे बोलतात. दुसऱ्याची झाकली मूठ उघडी पडते, हे कोणी बोलत नाही. घरात मी पुतणीला तेवढं बजावलं की हे बाहेर बोलायचं नाही.

तक्रार कशी करायची ते सांगतो. रिपोर्टवर एक कंट्रोल नंबर असतो, तो लागतो. लॉगिन करून त्या खात्यासमोर तक्रारीचा पर्याय निवडायचा. इथंच मी पहिली चूक केली. पर्याय बरेच होते आणि मी 'बाकी रक्कम चुकीची' हा निवडला. वाटलं, आपल्याकडं बाकी काहीच नाही, तर रक्कम चुकीचीच. एकोणिसाव्या दिवशी उत्तर आलं : कर्जदात्यानं माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे, बदल नाही. आणि त्यांच्या बाजूनं ते खरंच होतं. त्या कर्जाची बाकी तेवढीच होती. निवडायला हवा होता तो 'हे खातं माझं नाही' हा पर्याय.

दीड गुण कापला तो इथं. पर्यायांची नावं इंग्रजीत, एकाखाली एक आणि कुठला कधी वापरायचा याचं एका ओळीचंही स्पष्टीकरण नाही. वडलांचं नाव वेगळं आहे, हे लिहायला जागा नव्हती आणि दाखला जोडायची सोयही मला सापडली नाही. शेतकऱ्याचे एकोणीस दिवस म्हणजे काय, हे तो फॉर्म बनवणाऱ्याला माहीत नसावं.

दुसरी गोष्ट, रिपोर्ट देणारी कंपनी स्वतः काही खोडत नाही. ती तक्रार कर्ज देणाऱ्याकडं पाठवते, तो हो म्हणाला तरच बदल होतो. कायदाच तसा आहे. म्हणून नुसतं ऑनलाइन टाकून वाट बघत बसू नका, कर्ज देणाऱ्याच्या दारात जा.

मी गेलो. आधार, पॅन, शाळा सोडल्याचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन सांगलीतल्या त्यांच्या ऑफिसात. पहिल्या दिवशी 'हेड ऑफिसला मेल करा' सांगून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी एक तरुण साहेब होता, त्यानं नीट ऐकून घेतलं आणि जुना अर्ज कॉम्प्युटरवर उघडला. अर्जावर पासपोर्ट फोटो होता. निळा शर्ट, कपाळाला बुक्का. खाली सही, मोडक्या इंग्रजीत. त्यानं एकदा फोटो बघितला, एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, बसा. हे तुम्ही नाही." माझी सही मराठीत आहे. ती त्यानं कोऱ्या कागदावर करून घेतली, कागदपत्रांच्या झेरॉक्स घेतल्या आणि माझ्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून दिला. तो शिक्का घ्यायला विसरू नका, तारखेसकट.

त्याच संध्याकाळी दुसरी तक्रार टाकली, या वेळी बरोबर पर्याय निवडून. अकराव्या दिवशी मेसेज आला, खातं काढलं. नवा रिपोर्ट ७५१ चा.

मुदतीबद्दल पक्की माहिती देतो, कारण ऑफिसात कोणी आपण होऊन सांगत नाही. तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली पाहिजे. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्यानं दुरुस्त माहिती पाठवायला आहेत. ३० च्या पुढं गेलं तर प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची. रिझर्व्ह बँकेचा हा आदेश ऑक्टोबर २०२३ चा, एप्रिल २०२४ पासून लागू. मी ऑफिसात या आदेशाचं नाव काढलं, तेव्हा बोलण्याचा सूर बदलला. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, तेही फुकट. या चार कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही.

आणि एक कळकळीनं. मधल्या काळात एका एजंटानं गाठलं होतं. '८ हजारांत सिबिल क्लिअर करून देतो, फक्त ओटीपी सांगत चला.' असले फ्लेक्स आता प्रत्येक नाक्यावर दिसतात. खरी थकबाकी कोणी पुसून देऊ शकत नाही आणि खोटी पुसायला पैसे लागत नाहीत. आपला ओटीपी त्याच्या हातात म्हणजे आपलं घर त्याच्या हातात. आमच्या शेजारच्या गावात एकानं असे पैसे दिले, पुढं काहीच झालं नाही, आणि तो एजंट आता फोनही उचलत नाही.

कर्ज डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मंजूर झालं. रॅकचे अँगल येऊन पडलेत, जाळी सांगून ठेवलीया.

गेल्या रविवारी पुतणीनं उरलेल्या तीन कंपन्यांचेही रिपोर्ट काढले. दोन स्वच्छ निघाले. तिसऱ्यात ते दुचाकीचं खातं अजून माझ्याच नावावर आहे. सोमवारी तक्रार टाकली, शिक्क्याची प्रत हाताशी ठेवलीया. आज चौथा दिवस.